बंद घरातली गोधडी

आत्या गेली तेव्हा थंडी होती. तिचं वाकोल्याचं घर कागदोपत्री माझ्या नावावर झालं तोवर उन्हाळा लागला. मधल्या काळात मी दर रविवारी तिथे जायचो. कुलूप काढायचो, खिडक्या उघडायचो, झाडून घ्यायचो आणि पुन्हा कुलूप लावून बसनं घाटकोपरला परत यायचो. जून लागायच्या आत तिथे राहायला जायचं ठरलं होतं. त्याआधी मुलांच्या परीक्षा व्हायच्या होत्या, आणि कौलं चाळल्याशिवाय त्या घरात पावसाळा काढणं शक्य नव्हतं.

घर म्हणजे पुढची एक मोठी खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या मागच्या दाराबाहेर उघडी पडवी. डोक्यावरून विमान उतरायला लागलं की कौलं थरथरायची आणि बोलणारा माणूस वाक्य अर्धवट सोडून थांबायचा. पण पुढची खोली खरोखर मोठी होती. घाटकोपरला ज्या भाड्याच्या खोलीत आम्ही पाच जणं झोपत होतो, तिच्या जवळजवळ दुप्पट. मी ती टेपनं मोजली होती. कॉट कुठे येईल, कपाट कुठे, मुलीचं अभ्यासाचं टेबल कुठे, हे सगळं मी कोब्यावर खडूनं आखून ठेवलं होतं. मला असं आखल्याशिवाय चैन पडत नाही. नोकरी कंपनीच्या स्टोअरमधली. आत आलेला माल आणि बाहेर गेलेला माल जुळला नाही तर मला जेवण जात नाही.

घर मिळालं याचा आनंद मला फार थोडे दिवस मिळाला. कारण माझे भावोजी. मोठ्या बहिणीचे यजमान, बोरिवलीला राहणारे, स्वतः दोन वर्षं भाडेकरूशी कोर्टात भांडून दमलेले. त्यांनी मला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मुंबईत घर ज्याच्या नावावर असतं त्याचं नसतं रे. ज्याचा स्टोव्ह आत पेटतो त्याचं असतं." तेराव्याला त्यांनी गल्लीत उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, या घरातली एक वाटीसुद्धा कोणी हलवायची नाही असं बजावलं होतं. मला तेव्हा थोडं ओशाळल्यासारखं झालं. पण मी त्यांना थांबवलं नाही. घर मलाही हवं होतं.

तेव्हापासून माझा जीव त्या कुलपात अडकला. ऑफिसात बसलो तरी डोळ्यांपुढे ते दार यायचं. कोणी कडी तोडली तर? कोणी बिऱ्हाड थाटलं तर? मग मी जाणार कुठे, आणि पाच माणसांना किती दिवस त्या एका खोलीत कोंबणार?

अशा मनःस्थितीत मला ती गोधडी दिसली.

ती पहिल्यापासून तिथेच होती, पुढच्या खोलीत ट्रंकेवर घडी करून ठेवलेली. आत्याची लुगडी, तिच्या यजमानांची धोतरं, माझ्या वडिलांचा एक चौकड्याचा सदरा, असे ओळखीचे कपडे तिच्यात दिसत होते. ती अर्धवट होती. कडांकडून धावदोरा आत आत येत गेलेला आणि मधला भाग मोकळा. आत्या सुईदोरा हातात असतानाच आजारी पडली असावी असं मी समजलो. एका रविवारी सहज म्हणून मी तो मोकळा भाग वितीनं मोजला. लांबीला चार वीत होता. हे सांगतो कारण पुढच्या रविवारी तो तीन वीतच भरला.

आधी वाटलं, माझंच चुकलं. वीत काही टेप नव्हे. म्हणून त्या दिवशी टेपनं मोजलं आणि आकडा डोक्यात ठेवला. त्याच्या पुढच्या रविवारी तो भाग आणखी आक्रसला होता. दोरा पांढराच, टाका तोच, बारीक, एकसारखा, जणू आत्याच बसून शिवत होती. माझ्या खडूच्या रेषाही मधोमध पुसट झालेल्या होत्या. कॉटची एक बाजू तर नाहीशीच झाली होती.

पुढचं कुलूप जसंच्या तसं. खिडक्यांना गज. मागच्या दाराची लाकडी खिटी आतून पडलेली. चोर येतो तर काहीतरी नेतो. हा कोण, जो बंद घरात येतो आणि काही न नेता गोधडी शिवून जातो?

समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या काकांना विचारलं, कोणी परका माणूस येताना दिसला का? त्यांनी ठामपणे नाही म्हटलं. शेजारच्या घरी विचारलं. तिथेही नाही. सगळे एका सुरात नाही म्हणतायत म्हटल्यावर मला जास्तच संशय आला.

भावोजींना सांगितल्यावर ते हसले नाहीत. त्यांच्या मते कोणीतरी वहिवाट दाखवतंय. आज गोधडी शिवतोय, उद्या त्याच गोधडीवर झोपेल, परवा रेशनकार्डावर पत्ता टाकेल. उपाय एकच, मागचं दार विटांनी बुजवून टाकायचं. मला ते पटलं. मी विटा आणि वाळू आणून पडवीत टाकली आणि गवंड्याला पंधरा दिवसांनंतरचा मंगळवार दिला. बायको तेव्हा मुलांना घेऊन साताऱ्याकडे माहेरी गेली होती. ती पंधरवड्यानं, शनिवारी यायची होती, त्यामुळे हे सगळं मी एकटाच ठरवत होतो आणि एकटाच कुढत होतो.

विटा टाकल्यानंतरच्या रविवारी ताई माझ्याबरोबर आली. आत्याची भांडी बघून घ्यायची होती तिला. मी कुलूप काढलं, दार ढकललं आणि दारातच थांबलो. गोधडी खोलीच्या मधोमध, माझ्या खडूच्या रेषांवर, पूर्ण पसरलेली होती. मधला भाग भरला होता. अगदी मध्यावर आत्याच्या लाल खणाचा चौकोनी तुकडा होता, चारी बाजूंनी शिवलेला.

ताई खाली बसली आणि त्या तुकड्यावरून हात फिरवता फिरवता थबकली. आत काहीतरी टणक होतं. मी नको म्हणेपर्यंत तिनं पर्समधून ब्लेड काढून एका बाजूचे टाके उसवले होते. आतून भाकरीचा तुकडा निघाला. वर चिमूटभर कुंकू.

ताईनं हात असा झटकला की ब्लेड कोपऱ्यात जाऊन पडलं. माझी ताई चाळीस वर्षं मुंबईत राहिली, पण घाबरली की तिची बोली बदलते.

"ह्या करणीचा काम आसा," ती म्हणाली. "मेलेल्याच्या घरात, मेलेल्याच्या कपड्यात अन्न शिवून ठेवलानी. तू हात लावू नको."

आम्ही मूळचे कोकणातले. आमच्याकडे दारात लिंबू सापडलं तरी घरातली बाई दिवसभर जेवत नाही. मी हे काही मानत नाही असं तिला सांगितलं. मग माझ्या लक्षात आलं की सांगता सांगता मी हात पँटला पुसतोय.

ताईचं म्हणणं सरळ होतं. कोणाला तरी हे घर हवंय, आणि आपण इथे राहायला येऊ नये म्हणून हे केलंय. गावी देवाकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय मुलांना या घरात झोपवायचं नाही. गोधडी पाण्यात सोडायची. मी वाद घातला नाही. गोधडीची घडी करून गोणपाटात बांधली आणि पडवीत विटांशेजारी ठेवली. भाकरीचा तुकडा मात्र मी कागदात गुंडाळून खिशात टाकला. पुरावा फेकायचा नाही, ही स्टोअरमधली सवय. ताई तो खिसा सोडून माझ्या दुसऱ्या बाजूनं चालत बसस्टॉपपर्यंत आली.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. घर हातातून जातंय असं वाटायचं, आणि मग दुसऱ्याच क्षणी, अशा घरात मुलांना न्यायचं का, असं वाटायचं. कागदाची पुडी मी घरात ठेवली नाही, जिन्यातल्या मीटरच्या पेटीवर ठेवली.

शनिवारी बायको आली. बॅग खाली ठेवायच्या आत मी तिला सगळं सांगितलं. ती पाणी पीत पीत ऐकत होती. करणी हा शब्द ऐकल्यावर तिला ठसका लागला.

"अहो, भाकरी कशाची होती?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, भाकरी ती भाकरी. कशाची म्हणजे?

"तांदळाची की ज्वारीची?"

मी जिन्यात जाऊन पुडी आणली. तिनं तुकडा मोडून पाहिला, नाकाशी धरला आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाची मला आठवण झाली.

"ज्वारीची आहे. तुमच्या आत्या ज्वारी खायच्या?"

आत्या ज्वारीला हात लावत नसे. पोटात दगड होतो म्हणायची. तिच्या घरी भाकरी म्हणजे तांदळाची, पांढरी.

"मग ही घाटावरच्या बाईनं घातलीय," बायको म्हणाली. "गोधडी शिवून झाली की शेवटचा तुकडा लावताना पोटात भाकरीचा घास घालतात आमच्याकडे. गोधडी उपाशी ठेवत नाहीत. उपाशी गोधडीत ऊब राहत नाही म्हणते माझी आई. आणि तुम्ही भावाबहिणीनं तिचं पोट फाडलंत."

 मग तिनं विचारलं, त्या गल्लीत घाटावरचं घर कोणतं? मला आठवलं. मागच्या बैठ्या चाळीत एकच कुटुंब होतं. नवरा विमानतळावर सामान चढवायच्या कामाला. बायकोला मी नळावर पाहिलं होतं. मी दिसलो की पदर सावरून ती आत जायची.

रविवारी आम्ही दोघं वाकोल्याला गेलो. मी त्या बाईला सरळ विचारणार होतो, की आमच्या घरात कशी शिरलीस. बायकोनं मला गल्लीच्या तोंडाशीच सांगितलं की तोंड उघडायचं नाही. ती त्या बाईच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. गाव कुठलं, माहेर कुठलं, असं सुरू झालं. मी बाहेर उभा. त्यांची खोली बाहेरूनच पुरती दिसत होती. खाट, स्टोव्ह, पाण्याचं पिंप, भांड्यांची मांडणी. उरलेल्या जागेत एक माणूस आडवा होईल, तोही पाय दुमडून.

मग बायकोनं गोधडीचा विषय काढला.  ती बाई बोलली ती माझ्याकडे न बघता.

"वाकळ माझी हाय, ताई. कापडं म्हातारीची, शिवण माझी. लेकीचं पहिलं बाळंतपण हाय."

बाकीचं हळूहळू बाहेर आलं. गेली कित्येक वर्षं ती दुपारी आत्याच्या पुढच्या खोलीत बसून गोधड्या शिवत होती. गोधडीला पूर्ण पसरायला जमीन लागते, आणि त्या चाळीत तेवढी जमीन कोणाकडेच नव्हती. आत्या एकटी. तिला बोलायला माणूस हवं होतं. आत्यानंच जुने कपडे काढून दिले, आत्याच दोरा ओवून द्यायची. लेकीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा दोघींनी ही गोधडी शिवायला घेतली. मग आत्या आजारी पडली, गेली आणि दाराला कुलूप लागलं.

बायकोनं विचारलं, मग मागायची होतीस ना?

"कुनाला मागू? तेराव्याला तुमच्या पाव्हन्यांनी सांगितलं, वाटी हलवायची न्हाई. म्हटलं, हलवत न्हाई. हितंच बसून पुरी करती." आणि मग, पहिल्यांदा माझ्याकडे बघून, "ह्यांनी खडूनं खाट काढल्याली बघितली. तवाच समजलं, आता बसायला जागा न्हाई ऱ्हात. म्हून घाई केली."

विमान आलं. आम्ही तिघंही ते जाईपर्यंत थांबलो.

आधीच्या आठवड्यात शनिवारी दुपारी तिनं शेवटचा तुकडा लावला होता, पण नळाला पाणी आलं म्हणून गोधडी तशीच पसरलेली टाकून ती निघून गेली. रविवारी मी ताईला घेऊन आलो. सोमवारी ती आली तेव्हा पडवीत विटांशेजारी गोणपाटाचं गाठोडं होतं. आत काय आहे ते तिला बोटांनीच कळलं, पण तिनं ते सोडलं नाही. मी बांधलेलं होतं म्हणून. गुरुवारी पाहिलं तर गाठोडंच नव्हतं.

हे ऐकून मी पडवीकडे धावलो. विटा होत्या, वाळू होती, गाठोडं नव्हतं. गल्लीत परत आलो तर समोरचे काका खिडकीतून म्हणाले, तुझी बहीण येऊन घेऊन गेली. नाक दाबून नेत होती.

आता माझी पळापळ सुरू झाली. ताई बोरिवलीची. तिला पाण्यात सोडायची म्हणजे ती मार्व्याला जाणार, मनोरीच्या होडीत बसणार आणि खाडीच्या मध्यावर सोडून देणार. बायको म्हणाली, मीही येते. ती बाई दारात उभी होती. तिनं काही मागितलं नाही, फक्त लेकीला आठवा संपत आला एवढं सांगितलं. मी सहसा रिक्षा करत नाही. त्या दिवशी मीटरकडे बघितलं नाही, हे बायको अजून लोकांना सांगते.

ताई घरी होती. गोणपाटाचं गाठोडं तिच्या गॅलरीत, कठड्याबाहेर, दोरीनं लटकवलेलं होतं. वर लिंबू आणि सात मिरच्या.

"अवसेची वाट बघतंय," ताई म्हणाली. म्हणजे अमावास्येची. ती बुधवारी होती.

भावोजी आतून ओरडले, की चार दिवस झाले, ही मला गॅलरीत विडी ओढायला जाऊ देत नाही.

बायकोनं ताईला सगळं सांगितलं. ताईला ते पटायला वेळ लागला. भाकरी आत शिवायची ही कसली रीत, आणि ज्यांना कपाटात गोधडी ठेवायला जागा नाही त्यांनी तिला जेवायला कशाला घालायचं, असं ती म्हणत राहिली.

"वन्सं, तुम्ही भुताला भात ठेवता," बायको म्हणाली. "आम्ही गोधडीला भाकरी घालतो. निदान गोधडी अंगावर घेता येते."

ताईनं तोंड वाकडं केलं. पण कठड्यावरची दोरी तिनंच सोडली, आणि मिरच्या काढून आत आमटीत टाकल्या. फेकल्या नाहीत.

भावोजींनी मला गॅलरीत गाठलं. त्यांचं मत बदललं नव्हतं. त्यांनी विचारलं, ती आत शिरत होती, हे खरं की नाही? खरं. मग दार बुजव. गोधडी दे, उपकार कर, पण दार बुजव.  हिशोबानं त्यांचं बरोबर होतं. आणि हिशोबानंच दुसरीही गोष्ट समोर येत होती. त्या घरात जे काही आहे ते माझं, असं मी धरून चाललो होतो. पण त्या गोधडीत आमच्या घरची कापडं होती आणि तिचे टाके होते, आणि ते वेगळे काढून दाखवता येण्यासारखे नव्हते. आत्याच्या दुपारींचंही तसंच. त्या दुपारी मी कधी वाकोल्याला गेलो नव्हतो.

संध्याकाळी परत आलो तेव्हा ती बाई पडवीत विटांवर बसली होती. गोधडी पुढच्या खोलीत पसरली गेली. तिनं उसवलेला लाल तुकडा पाहिला, ताईनं ब्लेड कुठून लावलं ते बोटानं चाचपलं. घरून नवी भाकरी आणली, घास मोडला, कुंकू लावलं. बायको शेजारी बसून दोरा ओवून देत होती. तुकडा बंद व्हायला थोडाच वेळ लागला.

मग मी तिला विचारलं, की कुलूप असताना आत कशी येत होतीस. ती मला मागच्या दाराशी घेऊन गेली. फळीला एक भोक होतं, त्यातून बारीक सुतळी बाहेर आलेली, भिंतीच्या फटीत खोचून ठेवलेली. सुतळी ओढली की आतली खिटी उचलली जायची. बाहेर पडून दार ओढून घेतलं की खिटी आपोआप पडायची. आत्यानंच करून घेतलं होतं, पुढच्या दाराशी उठून यायचा कंटाळा म्हणून. सगळ्या गल्लीला माहीत होतं. मी काकांना विचारलं होतं, कोणी परका आला का. परका कोणी आलाच नव्हता.

गवंडी मंगळवारी आला. मी त्याच्याकडून कौलं चाळून घेतली आणि त्या विटांचा पडवीत कपडे धुवायचा ओटा करून घेतला. भावोजींनी तो ओटा पाहिला आणि माझ्याशी पंधरवडाभर बोलले नाहीत.

आम्ही जूनच्या आधी हललो. सामान टेम्पोतून उतरताना मी खडूच्या रेषा पुन्हा नीट काढायला बसलो. बायकोनं ओल्या फडक्यानं कॉट पुसून टाकली. टेबल राहू दे म्हणाली, कपाटही राहू दे. मी म्हटलं, मग झोपायचं कुठे? ती म्हणाली, जिथे आजवर झोपलो तिथेच, खाली.

आजही त्या खोलीत कॉट नाही. दुपारी मी सुटीवर घरी असलो तर मला स्वयंपाकघरात बसावं लागतं, कारण पुढे दोन-तीन बायका पाय पसरून बसलेल्या असतात आणि मधोमध कोणाची तरी गोधडी असते. हाच तो कब्जा, असं भावोजी म्हणतात, आणि मला ते खोडून काढता येत नाही. झोपण्याआधी मी दोन्ही दारं तपासतो. पुढची कडी ओढून बघतो. मागच्या दाराशी जाऊन सुतळी चाचपतो. सुतळी दमट हवेनं कुजते. कुजली की मीच बदलतो. दुपारी तुटली तर ती बाई बाहेर उभी राहील.